मण्यांची चौकट आणि मोठा गुणाकार

दुसरे महायुद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोतील अर्नी पाइल नाट्यगृहात एक आगळी स्पर्धा भरली. एका बाजूस जपानच्या टपाल मंत्रालयाच्या बचत विभागातील कियोशी मात्सुझाकी हा तरुण. त्याच्यापुढे लाकडी चौकटीत ओवलेल्या मण्यांचा अबॅकस होता, ज्याला जपानी भाषेत 'सोरोबान' म्हणतात. दुसऱ्या बाजूस अमेरिकी सैन्याच्या वित्त विभागातील थॉमस नेथन वुड, आणि त्याच्यापुढे विजेवर चालणारे त्या काळचे अद्ययावत गणनयंत्र. अमेरिकी सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या वृत्तपत्राने ही स्पर्धा घडवून आणली होती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि या चारांचे मिश्र उदाहरण अशा पाच प्रकारांत ती झाली. निकाल चार विरुद्ध एक असा लागला, आणि जिंकली ती मण्यांची चौकट.

अबॅकसची महती गाताना ही हकीकत हमखास सांगितली जाते. मात्र हरलेला तो एक प्रकार कोणता, हे सहसा सांगितले जात नाही. तो प्रकार गुणाकाराचा होता. उदाहरणांतील गुण्य आणि गुणक पाचपासून बारा अंकांपर्यंतचे होते. जो हात बेरजेत यंत्राच्या पुढे गेला, तोच हात मोठ्या संख्यांच्या गुणाकारात मागे पडला.

व्यापारी कुटुंबाला या एका पराभवाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दुकानाचा, आडतीचा किंवा कारखान्याचा कोणताही व्यवहार पाहिला, तरी त्याच्या मुळाशी गुणाकारच असतो. नग गुणिले दर, वजन गुणिले भाव, मुद्दल गुणिले व्याजाचा दर. बेरीज त्यानंतर येते. आज घरोघरी मुले अबॅकसच्या वर्गाला जातात आणि पालक त्यासाठी फी भरतात. अशा वेळी या चौकटीवर गुणाकार नेमका कसा होतो, तो कोठे सोपा जातो, कोठे अडतो आणि त्यातून मुलाच्या हाती काय येते, हे आई-वडिलांना ठाऊक असलेले बरे.

चौकटीची रचना

मण्यांच्या चौकटीचे माहेर चीन. तेथे तिला 'सुआनपान' म्हणतात. छंग दावेइ या चिनी गणितज्ञाने १५९२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाने तिची रीत दूरवर पोहोचवली. जपानमध्ये योशिदा मित्सुयोशी याच्या १६२७ मधील 'जिंकोकी' या पुस्तकाने तेच काम केले. त्यातील उदाहरणे व्यापार आणि व्यवहारातील असल्याने ते पेढ्यापेढ्यांवर वाचले गेले. चीनमधील मण्यांवरच्या गणनेला युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

चिनी चौकटीत प्रत्येक उभ्या दांडीवर आडव्या पट्टीच्या वर दोन आणि खाली पाच मणी असतात. आजच्या जपानी सोरोबानमध्ये वर एक आणि खाली चार मणी असतात. वरच्या मण्याची किंमत पाच, खालच्या प्रत्येकाची एक. मणी पट्टीला टेकला तरच तो मोजायचा. खालचे तीन आणि वरचा एक टेकवला की आठ झाले. एकही मणी टेकलेला नसला की ती दांडी शून्य दाखवते. एक दांडी एकंची, तिच्या डावीकडची दहंची, मग शतं, सहस्र असा क्रम चालतो. आपण कागदावर जी स्थानमूल्याची रीत वापरतो तीच येथे लाकडात उतरली आहे.

पट्टीवर दर तिसऱ्या दांडीला एक ठिपका असतो, कारण जगात बहुतेक ठिकाणी अंकांचे गट तीन-तीनचे पाडतात. आपल्याकडे हजारानंतर दोन-दोनचे गट पडतात. म्हणून मराठी मुलाला उत्तर वाचताना ठिपक्यांवर विसंबता येत नाही. हजार, लाख, कोटी यांच्या दांड्या त्याला स्वतःच्या नजरेने ठरवाव्या लागतात.

बारा छोटे गुणाकार

एका व्यापाऱ्याला ४,६३७ मीटर कापडाचे २८६ रुपये मीटर दराने बीजक करायचे आहे असे मानू. चौकटीच्या मधल्या भागात लगतच्या चार दांड्यांवर ४६३७ ही संख्या मांडायची. २८६ ही संख्या डाव्या टोकाला, मध्ये काही दांड्या मोकळ्या सोडून मांडायची. उजवीकडची जागा उत्तरासाठी रिकामी ठेवायची.

रूढ रीतीत गुण्याचा शेवटचा अंक आधी घेतात आणि गुणकाचा पहिला. म्हणजे ४६३७ मधील ७ ने आरंभ करायचा आणि त्याला क्रमाने २, ८ आणि ६ ने गुणायचे. सात दुणे चौदा: ७ च्या लगत उजव्या दांडीवर १ आणि तिच्या पुढच्या दांडीवर ४. सात आठे छप्पन्न: एक दांडी उजवीकडे सरकायचे, जेथे ४ आहे तेथे ५ मिळवून ९ करायचे आणि पुढच्या दांडीवर ६ मांडायचे. सात सक बेचाळीस: पुन्हा एक दांडी सरकायचे. सहात ४ मिळवले की दहा होतात, म्हणून ती दांडी रिकामी होऊन एक हातचा डावीकडे जातो. तेथील ९ चेही दहा होतात आणि हातचा आणखी डावीकडे जाऊन १ चे २ होतात. शेवटच्या दांडीवर २ मांडले की चौकटीवर २००२ दिसू लागतात. सातचे काम संपले, म्हणून ७ पुसून टाकायचे.

आता ३ ची पाळी. येथे नवशिक्याची पहिली परीक्षा होते. तीन दुणे सहा हा गुणाकार एकाच अंकाचा आहे, पण चौकटीवर तो 'शून्य सहा' असा दोन अंकी समजायचा. तीनच्या लगतची दांडी, जेथून आताच ७ पुसले, ती शून्याची. सहा तिच्या पुढच्या दांडीवर, तेथील २ मध्ये मिळवायचे. हे शून्य विसरले आणि सहा लगतच्या दांडीवरच मांडले, तर सहा हजारांचे साठ हजार होतात. पुढे तीन आठे चोवीस आणि तीन सक अठरा घातले की एकूण १०,५८२ होतात. नंतर ६ चे १,७१,६०० मिळून १,८२,१८२ होतात. शेवटी ४ चे ११,४४,००० मिळवले की १३,२६,१८२ हे उत्तर तयार होते. गुण्याचे चारही अंक तोवर पुसले गेलेले असतात आणि त्यांच्या जागेचा काही भाग उत्तरानेच व्यापलेला असतो.

शेवटचा अंक आधी का घ्यायचा, याचे कारणही येथे दिसते. प्रत्येक अंकाचा गुणाकार त्याच्या उजवीकडे पसरतो. डावीकडून आरंभ केला तर तो पुढच्या, अजून न वापरलेल्या अंकांवर जाऊन पडेल. उजवीकडून आरंभ केल्याने उरलेले अंक डावीकडे सुरक्षित राहतात. उत्तराची एकंची दांडी कोणती, यालाही नेमका नियम आहे. गुण्याच्या एकंच्या दांडीपासून उजवीकडे, गुणकाच्या अंकांपेक्षा एक जास्त इतक्या दांड्या मोजायच्या. येथे गुणक तीन अंकी, म्हणून चौथी दांडी. हा नियम पाठ असला की शेवटी शून्य येणारे उत्तरही चुकत नाही.

यंत्र कोठे पुढे गेले

चार अंकी आणि तीन अंकी संख्यांसाठी चार त्रिक बारा छोटे गुणाकार लागले. पाच अंकांना पाच अंकांनी गुणायचे तर पंचवीस लागतात. बारा अंकांना बारा अंकांनी गुणायचे तर १४४. अंकांची संख्या दुप्पट झाली की काम चौपट होते.

टोकियोच्या स्पर्धेत बेरजेची उदाहरणे तीन ते सहा अंकी पन्नास संख्यांची होती. अशा बेरजेत दोन्ही स्पर्धकांना प्रत्येक अंक हातानेच घालावा लागतो. एकाने कळ दाबायची, दुसऱ्याने मणी सरकवायचा. अंक दिसताच मणी सरकतो आणि शेवटचा अंक घातला की उत्तर समोर असते. येथे यंत्राला वरचढ ठरायला वावच नाही. गुणाकारात मात्र तसे नाही. बारा अंकी दोन संख्यांसाठी यंत्रावर चोवीस अंकांच्या कळा दाबल्या की पुढचे काम विजेची मोटर करते. मण्यांवर त्याच उदाहरणासाठी १४४ वेळा पाढा आठवायचा, प्रत्येकाचे दोन अंक म्हणजे २८८ अंक मिळवायचे, आणि प्रत्येक वेळी आपण कोणत्या दांडीवर आहोत याचे भान ठेवायचे. भागाकारातही असेच छोटे गुणाकार असतात, पण तेथे त्यांची संख्या भाजकाचे अंक गुणिले उत्तराचे अंक इतकीच असते. भाज्य मोठे असले तरी ती आटोक्यात राहते. म्हणून मोठ्या गुणाकाराइतका भार दुसऱ्या कोणत्याही क्रियेत हातावर पडत नाही.

जागेचाही प्रश्न असतो. बारा अंकी दोन संख्यांचा गुणाकार तेवीस किंवा चोवीस अंकी येतो. तो, गुण्य आणि गुणक असे तिन्ही एका सत्तावीस दांड्यांच्या चौकटीवर मावत नाही. त्यामुळे सरावलेले जपानी गणक गुणक चौकटीवर मांडतच नाहीत, तो कागदावरच वाचतात. त्याहून तयार असलेले गुण्यही मांडत नाहीत. दोन्ही संख्या नजरेसमोर ठेवून केवळ छोटे गुणाकार योग्य दांडीवर मिळवत जातात. त्यामुळे मांडण्याचा आणि पुसण्याचा वेळ वाचतो, पण दांडीचे भान अधिक लागते.

या कसबाला जपानने परीक्षेची शिस्त लावली. तेथील वाणिज्य आणि उद्योग मंडळाच्या पहिल्या श्रेणीच्या परीक्षेत गुण्य व गुणक मिळून अकरा अंक असलेले वीस गुणाकार असतात. त्याच्या जोडीला वीस भागाकार आणि दहा लांब बेरजा. हे सारे तीस मिनिटांत करायचे, आणि ३०० पैकी २४० गुण मिळाले तरच उत्तीर्ण. सहा अंकांना पाच अंकांनी गुणणे म्हणजे तीस छोटे गुणाकार होतात. हे लक्षात घेतले की त्या प्रमाणपत्रामागचे श्रम कळतात.

शून्याचा भार नसतो

मोठी दिसणारी प्रत्येक संख्या चौकटीवर तितकीच जड नसते. अनुयोगद्वारसूत्रात कालगणनेची जी मालिका दिली आहे, ती याचे उत्तम उदाहरण आहे. ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग, आणि ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व. ८४ लाखांना ८४ लाखांनी गुणायचे म्हटले की छाती दडपते, पण चौकटीवर हा अवघा चार छोट्या गुणाकारांचा खेळ आहे. ८४ गुणिले ८४ म्हणजे ७,०५६. प्रत्येक ८४ लाखात पाच शून्ये आहेत, म्हणून उत्तरापुढे दहा दांड्या रिकाम्या मोजायच्या. ७०,५६,००० कोटी वर्षे हे पूर्वाचे मान हाती येते. शून्याला मणी सरकवावा लागत नाही, जागा मात्र सोडावी लागते.

हीच मालिका पुढे दर पायरीला ८४ लाखांनी गुणत जाते आणि अठ्ठाविसाव्या पायरीला शीर्षप्रहेलिका येते. ही संख्या १९४ अंकी आहे. त्यांतील शेवटचे १४० अंक शून्ये आहेत आणि खरे अंक केवळ ५४. सत्तावीस दांड्यांच्या दोन चौकटी एकापुढे एक ठेवल्या तर ते नेमके मावतील. दर पायरीला गुणक दोनच अंकी, ८४. म्हणून ज्याला दोन अंकी गुणाकार येतो त्याला चिकाटीच्या बळावर शीर्षप्रहेलिकेपर्यंत जाता येते. सुटीच्या दिवसांत घरातील मुलांनी मिळून ही चढण चढून पाहण्यासारखी आहे.

व्यवहारातही शून्याजवळच्या संख्या हेरण्याची सवय उपयोगी पडते. ३,८४५ नग ९९८ रुपये दराने घेतले, तर ९, ९ आणि ८ ने गुणत बसण्याचे कारण नाही. ३८,४५,००० मांडावेत आणि त्यातून ७,६९० वजा करावेत. ३८,३७,३१० हे उत्तर काही क्षणांत मिळते. बारा छोट्या गुणाकारांच्या जागी एक दुप्पट आणि एक वजाबाकी पुरते.

महावीराचार्यांची पाटी

भारतात मण्यांची चौकट रुजली नाही. त्याचे कारण उणीव हे नसून विपुलता हे आहे. शून्यासह दहा अंकचिन्हे आणि स्थानमूल्य हाती असल्याने येथील गणिती पाटीवर किंवा पसरलेल्या धुळीवर थेट अंकच लिहीत. म्हणून या शास्त्राला पाटीगणित हे नाव पडले.

इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या वेळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथात गुणाकाराची 'कपाटसंधि' ही रीत सांगितली आहे. कपाट म्हणजे दाराची फळी. गुण्य आणि गुणक दाराच्या फळ्यांप्रमाणे एकमेकांशी जुळवून मांडायचे, गुण्याच्या एका अंकाला गुणकाने गुणायचे, काम झालेला अंक पुसायचा आणि गुणक पुढच्या अंकाशी सरकवायचा. पुसलेल्या जागी उत्तराचे अंक येत जातात. सोरोबानवर ७ पुसून त्या जागी पुढच्या गुणाकाराचा अंक येतो, तोच हा प्रकार आहे. चीन-जपानच्या मण्यांना आणि भारतातील धुळीला एकच अडचण होती: जागा थोडी आणि संख्या मोठी. दोन्हीकडे तिच्यावर सारखीच तोड निघाली.

महावीराचार्यांनी एकपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. बारा अंकी दोन संख्यांचा गुणाकार अधिकात अधिक चोवीसच अंकी येतो. टोकियोतील मोठ्यात मोठे उदाहरणही या नामावलीत सहज बसले असते.

त्यांच्या ग्रंथातील काही गुणाकार तर अबॅकसच्या सरावासाठीच योजल्यासारखे आहेत. त्यांची उत्तरे कंठहारासारखी येतात. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंक तेच. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे १११११११११ नव्हे, नेमके आठ एकांचे ११११११११. १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे नऊ एक, १११११११११. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१. या शेवटच्या उदाहरणात चोवीस छोटे गुणाकार आहेत. त्यांतील एक जरी चुकला, एक हातचा जरी राहिला, तरी हाराचा मणी तुटतो आणि चूक तत्काळ दिसते. विद्यार्थ्याला उत्तर पडताळायला गुरूची गरज उरत नाही.

हा ग्रंथ रंगाचार्यांच्या इंग्रजी अनुवादासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाला. प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी सिद्ध केलेली हिंदी अनुवादासहची आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केली. महाराष्ट्रातील ग्रंथसंग्रहांत ती शोधून पाहण्यासारखी आहे.

पाढे आणि मराठी संख्यानामे

चौकट पाढे शिकवत नाही, ती पाढे गृहीत धरते. एक ते नऊपर्यंतचे पाढे जिभेवर नसतील तर मणी सरकवण्याचा वेग व्यर्थ आहे. जुन्या पिढीतील दुकानदार पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असताना पाव, निम्मे, पाऊण यांची सतत गरज पडे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागोमाग दशमान वजने आणि मापे आली, आणि ते पाढे हळूहळू मागे पडले. एक ते नऊच्या पाढ्यांची गरज मात्र तसूभरही कमी झाली नाही.

मराठी मुलाला येथे एक अडचण येते, जी जपानी मुलाला येत नाही. जपानी भाषेत ५६ ही संख्या 'पाच-दहा-सहा' अशा क्रमाने बोलतात. जे आधी ऐकू येते तेच आधी मांडायचे. मराठीत छप्पन्न म्हणताना सहा आधी ऐकू येतात आणि पन्नास मागाहून. त्रेसष्ट, बेचाळीस, अठ्ठावीस यांचेही तसेच. डावीकडून मणी मांडताना कानावर पडलेला पहिला अंक चटकन पहिल्या दांडीवर जातो आणि ५६ चे ६५ होतात. म्हणून आरंभी मुलाला पाढा नेहमीप्रमाणे म्हणू द्यावा, पण मांडताना 'पाच, सहा' असे सुटे अंक उच्चारायला लावावेत. काही आठवड्यांत नजर आणि बोटे ही सांगड घालू लागतात.

उत्तराची पारख

चौकटीवर कोणतीही मधली पायरी शिल्लक राहत नाही. वहीतील गुणाकार पुन्हा तपासता येतो, मण्यांवरचा नाही. त्यामुळे पडताळा स्वतंत्रपणे करावा लागतो.

पहिला पडताळा अंदाजाचा. ४,६३७ म्हणजे सुमारे ४,६००, आणि २८६ म्हणजे सुमारे ३००. उत्तर १३,८०,००० च्या आसपास आणि थोडे कमी असायला हवे. १३,२६,१८२ त्यात बसते. उत्तर १,३२,६१८ किंवा १,३२,६१,८२० असे वाचले गेले असते, तर दांडी चुकल्याचे येथेच कळले असते. व्यवहारातील सर्वांत महाग चूक हीच आहे, कारण ती दहापटीने फसवते.

दुसरा पडताळा नवांचा. भारतात तो दुसऱ्या आर्यभटाने आपल्या ग्रंथात दिला आहे. ४६३७ च्या अंकांची बेरीज २०, तिच्या अंकांची २. २८६ ची १६, तिची ७. दोन सत्ते चौदा, त्यांची बेरीज ५. उत्तराच्या अंकांची बेरीज २३, तिचीही ५. ताळा जमला. पण याने सर्व चुका पकडल्या जात नाहीत. १३,२६,८१२ असे दोन अंक उलटे वाचले तरी बेरीज तीच राहते. शून्य वाढले किंवा गळले तरी तीच राहते. म्हणून अंदाज आणि नवांचा ताळा हे दोन्ही करावेत, आणि रक्कम मोठी असेल तर गुण्य आणि गुणक यांची अदलाबदल करून गुणाकार पुन्हा करावा.

हीच शिस्त आजच्या कॅल्क्युलेटरलाही लागू आहे. यंत्र चुकत नाही, पण कळ दाबणारे बोट चुकते. एक शून्य जास्त दाबले गेले तर यंत्र तक्रार न करता दहापट उत्तर देते. ज्याच्या मनात आधीच अंदाज तयार आहे, त्यालाच बीजकावरची ती चूक खटकते.

वर्गाकडून काय अपेक्षावे

अबॅकसच्या वर्गांच्या जाहिरातींत बुद्धी वाढेल, एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती तल्लख होईल अशी आश्वासने असतात. या दाव्यांची पारख करणारा एक काटेकोर अभ्यास गुजरातमधील वडोदरा येथे झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक शाळेतील २०४ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट केले. एकाला अबॅकस आणि मनातील अबॅकस शिकवला, दुसऱ्याला तितकाच जादा वेळ नेहमीच्या पद्धतीने गणित शिकवले. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अबॅकस शिकलेल्या मुलांचे अंकगणित दुसऱ्या गटापेक्षा सुधारले होते. स्मरणशक्ती किंवा एकाग्रतेसारख्या सामान्य बौद्धिक क्षमतांत मात्र त्यामुळे फरक पडल्याचे आढळले नाही. ज्या मुलांची आकृत्या आणि जागा लक्षात ठेवण्याची शक्ती आरंभीच चांगली होती, त्यांना या शिक्षणाचा लाभ अधिक झाला.

त्याआधी २०१२ मध्ये मायकेल फ्रँक आणि बार्नर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुजरातमधील तरबेज मुले मनात चौकटीचे चित्रच पाहतात असे दिसले. मात्र त्या चित्रात तीन-चार दांड्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे धरून ठेवणे बहुतेकांना अवघड जाते. मनातल्या मनात अतिशय मोठे गुणाकार करणारी मुले व्यासपीठावर दिसतात, ती विरळा आणि दीर्घ सरावातून घडलेली असतात. आपल्या मुलाला तसे जमले नाही म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मोठ्या गुणाकारासाठी लाकडी चौकट किंवा कागद घेणे ही सामान्य माणसाची रीतच आहे.

यावरून पालकांना आपला निर्णय घेता येतो. मुलाचे अंकगणित पक्के व्हावे, आकड्यांची भीती जावी आणि स्थानमूल्य बोटांना कळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी होते. बुद्धिमत्ता वाढवण्याच्या आशेने फी भरणे मात्र घाट्याचा सौदा ठरू शकतो. मुलाला त्यात रस नसेल, तर तोच वेळ पाढे आणि तोंडी हिशेब यांना दिला तरी अंकगणित सुधारते.

घरच्या घरी आरंभ करायचा असेल तर तेरा दांड्यांची साधी चौकट पुरते. पहिले काही आठवडे केवळ बेरीज आणि वजाबाकी करावी. नंतर एकअंकी गुणक घ्यावा आणि 'शून्य सहा'ची सवय लावावी. त्यापुढे महावीराचार्यांचे १३९ गुणिले १०९ घ्यावे, जेथे गुणकाच्या मधल्या शून्याची दांडी सोडण्याचा सराव होतो आणि १५१५१ आले की मुलाला स्वतःलाच ताळा मिळतो. दिवसाकाठी पंधरा मिनिटे पुरेत. दुकानातील एखादे खरे बीजक आठवड्यातून एकदा मुलापुढे ठेवावे. आधी अंदाज विचारावा, मग मण्यांवर उत्तर काढायला सांगावे आणि शेवटी कॅल्क्युलेटरशी ताडून पाहावे. तिन्ही जुळले तर उत्तमच. जुळले नाहीत तर चूक अंदाजात झाली, दांडीत झाली की कळ दाबण्यात, हे मुलानेच शोधून काढावे.